फॅनची वायर कोणी जोडली? जुन्या गाड्यांच्या विक्रेत्यांना खुलं पत्र

प्रति,
जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांत जुन्या चारचाकी गाड्यांची खरेदी-विक्री करणारे सर्व विक्रेते, कमिशन एजंट आणि मध्यस्थ

बंधूंनो, सप्रेम नमस्कार.

मी पारोळा तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. घरी कोरडवाहू शेती आहे, कापूस असतो. जानेवारी २०२५ मध्ये कापसाचे पैसे हातात आले, त्यात माझ्या पगारातून साठवलेले घातले आणि ३ लाख १० हजारांना आम्ही २०१४ सालची एक डिझेल गाडी घेतली. आमच्या घरातली ती पहिली चारचाकी. ज्यांच्याकडून घेतली त्यांचं नाव, गाव मी इथे लिहिणार नाही. त्यांच्याशी माझा व्यवहार मिटला आहे. हे पत्र तुम्हा सगळ्यांना आहे, कारण जे आमच्या बाबतीत झालं ते मी नंतर ज्यांना ज्यांना सांगितलं, त्यांतल्या निम्म्या लोकांनी मला त्यांचा स्वतःचा असाच अनुभव ऐकवला.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेक माहेरी आणायची म्हणून २७ एप्रिलच्या रविवारी आम्ही कन्नडला निघालो. मी, माझे मिस्टर आणि सासूबाई. भडगावमार्गे चाळीसगावपर्यंत गाडी छान आली. ऊन तापलेलं, पारा चाळिशीच्या वर. घाट चढायला लागलो आणि अर्ध्यात तापमानाचा काटा एकदम वर गेला, मग बॉनेटमधून वाफ. गाडी कडेला घेतली तेव्हा इंजिन आपोआपच बंद पडलं. पंचाहत्तरीच्या सासूबाई डोक्यावर पदर घेऊन घाटाच्या कठड्यावर दीड तास बसल्या. जवळच्या दोन बाटल्यांतलं पाणी आधी त्यांना की रेडिएटरला, असा प्रश्न होता. शेवटी एका पिकअपवाल्याने दोर बांधून आम्हाला चाळीसगावला खाली आणलं. लेक एस.टी.ने एकटीच आली.

चाळीसगावच्या मिस्त्रींनी बॉनेट उघडलं आणि आधी काहीच केलं नाही, नुसतं बघत राहिले. मग मला जवळ बोलावलं. "ताई, इथं बघा." रेडिएटरच्या फॅनची वायर मूळ जागेवरून कापून चावीच्या लाइनला सरळ जोडलेली होती, वर काळी टेप गुंडाळलेली. चावी फिरवली की फॅन चालू, इंजिन गार असो की गरम. मग त्यांनी थर्मोस्टॅट बसतो ते घर उघडलं. आत थर्मोस्टॅट नव्हता. रेडिएटरच्या तोंडाशी तपकिरी चिखलासारखा थर होता. गळती बंद करायची पावडर टाकली की असा थर बसतो, असं ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी हेड, म्हणजे इंजिनचा वरचा भाग, उतरवलं तेव्हा त्याखालचं गॅस्केट दोन सिलिंडरच्या मधोमध जळालेलं दिसलं आणि हेड पूर्वी एकदा फेसिंगला, म्हणजे घासून सपाट करायला, जाऊन आल्याच्या खुणाही दिसल्या.

मी विज्ञान शिकवते, म्हणून मला हे नीट समजून घ्यायचं होतं. इंजिन तापलं की थर्मोस्टॅट उघडतो आणि पाणी रेडिएटरकडे जातं. अजून तापलं की सेन्सर फॅन चालू करतो. गॅस्केट कमजोर झालेलं असेल तर जळालेल्या गॅसचा दाब पाण्याच्या मार्गात शिरतो, पाणी बाहेर फेकलं जातं आणि गाडी तापायला लागते. यावर खरा इलाज म्हणजे हेड उतरवून काम करणं. खोटा इलाज म्हणजे थर्मोस्टॅट काढून टाकणं, फॅन डायरेक्ट करणं आणि पावडर ओतणं. हा खोटा इलाज हिवाळ्यात सपाट रस्त्यावर दोन-चार महिने चालतो. आमच्याकडे जानेवारीत सकाळी थंडी असते. तेव्हा दोन किलोमीटरची ट्रायल घेतली तर कोणाला काय कळणार? खान्देशात एप्रिल उजाडला आणि एक घाट लागला की सगळं बाहेर येतं.

गाडी घेताना विक्रेत्यांनी चावी फिरवली होती आणि मला म्हणाले होते, "ताई, फॅन कसा चाले पहा. गाडी एकदम चोख शे, एक रुपयानं काम नही." ज्या गोष्टीने दोष झाकला होता तीच मला गाडीचा गुण म्हणून दाखवली गेली. तेवढी एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही.

आणखी एक सांगते. रेडिएटरच्या वरच्या पट्टीला ऑइल बदलल्याचं एक कार्ड तारेने बांधलेलं होतं, तेलाने काळं पडलेलं. मिस्त्रींनी ते रॉकेलच्या फडक्याने पुसलं. बॉलपेनने लिहिलेलं वाचता आलं: तारीख २०२२ ची, किलोमीटर १,२१,४००. आम्ही जानेवारी २०२५ मध्ये गाडी घेतली तेव्हा मीटर ७४ हजार दाखवत होतं.

मी फोन केला. पलीकडून उत्तर आलं ते तुम्हाला पाठ असेल. "ताई, जुनी गाडी म्हणजे जुनी गाडी. तुम्ही ट्रायल घेतली, तुमचा माणूस आणला. पाचशेच्या स्टॅम्पवर लिहून दिलंय ना, जशी आहे तशी घेतली म्हणून?"

याच वाक्यावर मला तुमच्याशी बोलायचं आहे.

जुनी गाडी नवी नसते हे आम्हाला कळतं. अकरा वर्षांच्या गाडीची क्लच प्लेट तीन महिन्यांत गेली तर मी कोणाला फोन करणार नाही. शॉकअप बसलेत, टायर झिजलेत, एसी कमी गार करतो, बॅटरी उन्हाळ्यात दगा देते, ही झीज आहे आणि तिचे पैसे किंमतीतून आधीच वजा झालेले असतात. त्या झिजेपुरता तुमचा "जशी आहे तशी" हा शब्द मला मान्य आहे. कायदाही खरेदीदाराला डोळे मिटून घेऊ देत नाही. १९३० चा माल विक्री कायदा सांगतो की खरेदीदाराने माल तपासला असेल, तर त्या तपासणीत दिसायलाच हवा होता अशा दोषाबद्दल त्याला नंतर ओरड करता येत नाही.

पण झीज वेगळी आणि झाकाझाक वेगळी. १८७२ चा भारतीय करार कायदा, कलम १७, फसवणूक कशाला म्हणावं हे सांगताना खोट्या विधानाच्या पाठोपाठ दुसरीच गोष्ट सांगतो: माहीत असलेली वस्तुस्थिती मुद्दाम लपवून ठेवणं. गॅस्केट झिजलं ही झीज. फॅनची वायर कापून चावीला जोडली, वर टेप गुंडाळली, मीटर मागे घेतलं, एअरबॅगचा दिवा पेटू नये म्हणून त्याची जोडणी काढली, धूर दिसू नये म्हणून जाड ऑइल भरलं, हे सगळं कोणीतरी स्वतःच्या हाताने केलेलं काम आहे. पाचशेच्या स्टॅम्पवर चार शब्द लिहून ते धुऊन निघत नाही. मी जी गाडी "जशी आहे तशी" घेतली, ती कशी आहे हेच मला दिसू दिलेलं नव्हतं.

विक्रेते म्हणाले, "मला ज्यानं दिली त्यानंही काही सांगितलं नाही." ते खरंही असेल. पण मग तुम्ही त्याला विचारलं का? गाडी विकत घेताना तुम्ही स्वतः बॉनेट उघडता, डिपस्टिक काढता, ऑइलच्या झाकणावर हात ठेवून धूर बघता, दाराच्या कडांवरचं रंगकाम बोटाने चाचपता. पाच मिनिटांत गाडीची कुंडली मांडता आणि त्या दोषांवरून मालकाकडून वीस-तीस हजार कमी करून घेता. ते दोष घेताना तुम्हाला दिसतात, मग विकताना कुठे जातात? आमच्यासारख्या शिक्षकाला, शेतकऱ्याला, सुरतेत दहा वर्षं लूमवर राबून गावी परतलेल्या माणसाला ते दिसत नाहीत, आणि तुमचा नफा नेमका त्या न दिसण्यावर उभा असेल तर तो व्यापार नाही. भाव कमी-जास्त करणं हा व्यापार आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. हीच गाडी "हेडचं काम निघेल" असं सांगून २ लाख ६० हजारांना दिली असती तर आम्ही घेतली असती, आणि घाटाआधी काम करून घेतलं असतं.

आता कागदाचं. आमच्या व्यवहारात विक्रेत्यांचं नाव एकाही कागदावर नव्हतं. मूळ मालकाच्या सह्या केलेले कोरे टीटी फॉर्म, म्हणजे गाडी दुसऱ्याच्या नावावर करायचे २९ आणि ३० नंबरचे अर्ज, त्यांच्या ड्रॉवरमध्ये होते. स्टॅम्प मूळ मालकाच्या नावाने. पैसे रोख आणि काही एका तिसऱ्याच माणसाच्या खात्यावर. हे का करतात ते मला नंतर कळलं. दोन खासगी माणसांत झालेल्या विक्रीत ग्राहक आयोगाकडे दाद मागणं अवघड असतं, कारण घरची गाडी विकणारा माणूस व्यापारी ठरत नाही. त्याच्याविरुद्ध दिवाणी कोर्टात जावं लागतं, आणि तिथे कोण जातो. तुमचं नाव कागदावर नसलं की तुम्हीही त्या घरच्या माणसाच्या मागे उभे राहू शकता. पण जो वर्षाला पन्नास गाड्या घेतो आणि विकतो तो व्यापारीच आहे, आणि "मी फक्त मध्यस्थ" म्हणून ज्याने दलाली घेतली त्याने पैसे घेऊन सेवा दिलेली आहे.

सरकारनेही ही पळवाट बंद केली आहे, आणि तुमच्यापैकी अनेकांना ते ठाऊक आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांत डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्ती झाली आणि ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. जुन्या नोंदणीकृत गाड्यांचा धंदा करणाऱ्याने आर.टी.ओ.कडून अधिकारपत्र घ्यायचं, ते पाच वर्षांसाठी असतं. मूळ मालकाने गाडी तुमच्या ताब्यात दिली की फॉर्म २९ सी भरून पोर्टलवर कळवायचं. तिथून गाडी पुढे विकली जाईपर्यंत तुम्हीच तिचे मालक मानले जाता. गाडी तुमच्याकडे असताना कोणी, कशासाठी, किती किलोमीटर चालवली याचं रजिस्टर ठेवायचं. मीटर मागे घेणाऱ्याला हे रजिस्टर नको असणारच.

यात तुमचंही भलं आहे. कोऱ्या फॉर्मवर पडून असलेल्या गाडीने कोणाला उडवलं, तर भरपाई नोंदणीत ज्याचं नाव त्याच्यावर येते. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये हे पुन्हा स्पष्ट केलं आहे. तुमच्या गावातल्या ज्या गुरुजींनी विश्वासाने तुमच्याकडे गाडी आणि सह्या सोडल्या, त्यांना वर्षभराने कोर्टाचं समन्स आलं तर ते तुमच्या दारात येतील. आमचं आर.सी. नावावर व्हायला "पंधरा दिवस" सांगून तीन महिने लागले. तोवर विमाही जुन्याच नावावर होता. मालकी बदलली की चौदा दिवसांच्या आत विमा कंपनीला कळवावं लागतं, हेही आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं.

मी काय केलं तेही सांगते, कारण यापुढे तुमच्याकडे येणाऱ्या गिऱ्हाइकांना हे माहीत असणार आहे. दुरुस्ती करण्याआधी वायर, थर्मोस्टॅटचं रिकामं घर, जळालेलं गॅस्केट आणि ते कार्ड, सगळ्याचे फोटो काढले, व्हिडिओ केला. जुने सुटे भाग पोत्यात बांधून घरी आणले. मिस्त्रींना लिहून द्यायला सांगितलं तर ते कचरले. "ताई, मला व्यवहारात ओढू नका, या लोकांचीच कामं येतात माझ्याकडे." मी त्यांना म्हटलं, दादा, तुम्ही जे पाहिलं तेवढंच लिहा, कोणी केलं ते लिहू नका. त्यांनी बिलबुकावर चार ओळी लिहिल्या आणि सही केली. ४६ हजार ५०० चं बिल झालं. त्या चार ओळी लिहायला त्यांना किती धीर करावा लागला असेल हे मला माहीत आहे, आणि मी त्यांची ऋणी आहे.

मग रजिस्टर पोस्टाने नोटीस पाठवली. ग्राहक हक्कांचा २०१९ चा कायदा मी शाळेच्या सुट्टीत बसून वाचून काढला. जिल्हा ग्राहक आयोगात ५० लाखांपर्यंतच्या खरेदीची तक्रार चालते. वस्तूची किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही. तक्रार मी राहते त्या जिल्ह्यात करता येते, विक्रेता नंदुरबारचा असो की धुळ्याचा. वकील लावलाच पाहिजे असं नाही. घटनेपासून दोन वर्षांची मुदत आहे. दोष तपासायचा असेल तर आयोग तो प्रयोगशाळेतून तपासून घेऊ शकतो. बिल न देणं हीच त्या कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा आहे. आणि काहीच सुचत नसेल तर १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर फोन लावता येतो.

नोटीस मिळाल्यावर आठ दिवसांनी विक्रेते दोन माणसं घेऊन आमच्या ओट्यावर आले. चहा झाला. पंधरा हजारांपासून सुरुवात झाली, बावीस हजारांवर थांबली. मी एकच मागितलं: पैसे दोन हजार कमी द्या, पण गाडीबद्दल तुम्हाला काय माहीत होतं ते एका कागदावर लिहून द्या. त्यांनी बावीस हजार मोजून दिले, कागद दिला नाही. मिस्टर म्हणाले, पेरणी तोंडावर आहे, मिटवून टाकू. मी सही केली. मी आयोगाकडे गेले नाही, आणि ती बोच मला आहे. जो कागद त्या दिवशी ओट्यावर मिळाला नाही, तो मी आज तुम्हा सगळ्यांकडे मागते आहे.

एक पान पुरे. गाडी विकताना तुमच्या नावाने, तुमच्या सहीने, अधिकारपत्राच्या नंबरासह द्या. इंजिन किंवा गिअरबॉक्स कधी उघडला आहे का, आणि कशासाठी. फॅन, थर्मोस्टॅट, सेन्सर, एअरबॅग यांत मूळच्यापेक्षा काही वेगळं केलं आहे का. गाडी ठोकली गेली आहे का, चॅसिसला वेल्डिंग आहे का. पुराच्या पाण्यात उभी होती का. सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढला की चिखलाची रेघ दिसते, हे तुम्ही आमच्याआधी बघितलेलं असतं. मीटर खरं आहे याची तुम्हाला खात्री आहे का. नसेल तर "खात्री नाही" एवढंच लिहा, त्यालाही आम्ही मान देऊ. कर्जाचा बोजा उतरला आहे का. आणि पूर्ण रकमेची पावती, दलालीसह. जे माहीत नाही ते माहीत नाही म्हणून लिहा. जे माहीत आहे ते लिहा आणि भाव तसा सांगा.

दुसरी विनंती वेळेची. आम्ही येणार म्हणून गाडी आधीच गरम करून ठेवू नका. गार इंजिन आमच्यासमोर चालू करा, अर्धा तास चालवू द्या, आमच्या पसंतीच्या मिस्त्रीकडे न्यायला हरकत घेऊ नका. ज्या विक्रेत्याने गाडी एक दिवस गॅरेजला सोडली, त्याच्याकडे गिऱ्हाईक दहा गावं ओलांडून येईल. आणि जमत असेल त्यांनी इंजिन-गिअरबॉक्सची महिनाभराची लेखी हमी द्यावी. सगळ्यांना जमणार नाही हे मी समजते. दोन लाखांच्या गाडीत तुम्हाला किती सुटतं याचा अंदाज मला आला आहे. पण खरं लिहून द्यायला एक रुपया लागत नाही.

मीटर मागे घेणाऱ्या, फॅन डायरेक्ट करून देणाऱ्या गॅरेजवाल्या भावांनाही दोन शब्द. त्या कामाचे तुम्हाला हजार-पाचशे मिळतात. माझ्या सासूबाई त्या कामाच्या जोरावर घाटात उन्हात बसल्या. मागे एखादा ट्रक असता आणि गाडी वळणावर बंद पडली असती, तर मी हे पत्र लिहायला नसते.

आमची गाडी आता ठीक आहे. नवा थर्मोस्टॅट बसवला, फॅन सेन्सरवर घेतला. सकाळी चावी फिरवली की फॅन फिरत नाही, आणि तो फिरत नाही हे ऐकून मला बरं वाटतं.

यंदा कापूस विकला की माझ्या भावाचा मुलगा गाडी बघायला निघणार आहे. अमळनेर, धुळे, जळगाव, जिथे पटेल तिथे जाईल. वर लिहिलेल्या प्रश्नांचा एक छापील कागद मी त्याच्या खिशात देणार आहे, खाली सहीसाठी जागा सोडलेली आहे. तो पैसे मोजण्याआधी तो कागद तुमच्यासमोर ठेवील.

आपली,
पारोळा तालुक्यातील एक शिक्षिका